मदत हवी आहे: पहिला वस्तरा कोणता घ्यावा?
अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा महिनाभर वापरून पाहिला. गाल निभावले, पण हनुवटीच्या वळणावर टोक रुतलं आणि फेस गुलाबी झाला! आता कायमच्या पात्याचा खरा वस्तरा घ्यायचाय. टोक गोलच हवं, रुंदी ५/८ इंच, एवढं ठरलंय. अडलंय ते पात्यावर. पूर्ण पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खूप खोलगट घासलेलं, पातं पातळ आणि लवचिक असतं. माझ्या नवख्या हाताला अर्धपोकळ (कमी खोलगट, जाडसर) जास्त स्थिर वाटेल का? शिवाय जुना वस्तरा धार लावून घ्यावा, की नवा, थेट दाढीला तयार असलेला? दगडावर धार लावणं मला येत नाही. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र दर दाढीआधी फिरवेन (पहिला पट्टा कापला जातोच म्हणे, म्हणून तो साधाच घेतोय). वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.