अनुभव धागा: हिरड्यांचे आजार, पायोरिया आणि उपचार

ब्रश करताना रक्त दिसलं की आपल्याकडे माणूस एक तर ब्रश बदलतो, नाहीतर त्या जागी घासणंच सोडून देतो. दुसरं जास्त घातक, कारण तिथलाच थर मग वाढत जातो. दाढ ठणकली की रात्रीबेरात्री डॉक्टर शोधला जातो. हिरडी सहसा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

आधी थोडं सांगते. दात आणि हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो, तो प्लाक. वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे टणक होतो, ते कीटण, आणि ते ब्रशने निघत नाही. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई झाली तर हिरडी पूर्ववत होते. आजार खाली उतरून हाड झिजायला लागलं की तो पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे जुन्या लोकांचा पायोरिया. झिजलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, पण झीज थांबवता येते. हे वेळेत न कळल्यामुळे धडधाकट दात गमावलेली माणसं मी खूप पाहिली, म्हणून हा धागा.

तुमचा किंवा घरच्यांचा अनुभव लिहा: काय जाणवलं, काय उपचार झाले, पुढे काळजी कशी घेता. एकमेकांना गोळ्या मात्र सुचवू नका.

शिक्षिका, सातारा जिल्हा

आमच्या आईला लग्नाआधीपासून मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. मिश्रीने दात घट्ट राहतात ही तिची पक्की समजूत, आणि हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही हा त्याचा पुरावा. खालचे पुढचे दात मात्र लांब दिसायला लागले होते, मुळं उघडी पडली होती.

दंतवैद्य बाईंनी तिला आरशात मुळं दाखवली आणि सांगितलं, की तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. आईने मिश्री सोडली आणि रक्त यायला लागलं! गल्लीतल्या बायका लगेच, "बघ, सोडलीस म्हणून झालं." असं काही काळ होऊ शकतं हे बाईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून आई डगमगली नाही. घरात कुणी मिश्री सोडत असेल तर एवढं तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती पहिल्याच आठवड्यात पुन्हा डबी उघडेल.

खालचे दोन दात काढावे लागले. बाकीचे टिकलेत. मिश्रीच्या डबीत आता सुईदोरा असतो.

निवृत्त एसटी वाहक, नागपूर

मला मधुमेह. तोंडाला वास यायचा, आणि आमचं काम प्रवाशाच्या तोंडाजवळ उभं राहून तिकीट फाडण्याचं. माणसं मान वळवायची ते समजायचं. चूळ भरून, बडीशेप खाऊन वास जात नव्हता.

इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे गेलो. खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद घालत मॅडम आकडे बोलत होत्या, शेजारचा विद्यार्थी लिहून घेत होता. "तीन, तीन, पाच, सहा, सात..." तीन मिलिमीटरपर्यंत निरोगी, त्यापुढे काळजी, असं त्यांनी आधीच सांगितलेलं. खालच्या दाढांपाशी सात ऐकलं आणि पोटात गोळा आला. एक्स-रेमध्ये हाडाची कड खाली उतरलेली स्पष्ट दिसली.

जागा बधिर करून एकेका बाजूची मुळापर्यंत सफाई झाली. दुखलं नाही, पण नंतर थंड पाणी झोंबायचं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक आकडे उतरले होते. दोन दाढांपाशी उतरले नाहीत, तिथे हिरडी उघडून आतून साफ करून टाके घातले.

साखर जास्त असली की हिरडीचा आजार बळावतो आणि हिरडीची सूज राहिली की साखर आटोक्यात येत नाही, असं दोन्हीकडून असतं. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतं, असं अभ्यासांत दिसलंय. तेव्हा साखरेच्या डॉक्टरांनाही हिरड्यांबद्दल सांगा. मी आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो.

पुणे

गरोदरपणात पाचव्या महिन्यात हिरड्या फुगल्या, पोळीचा तुकडा तोडतानाही रक्त. सासूबाईंचं म्हणणं, या दिवसांत दाताला हात लावू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांनीच दंतवैद्याकडे पाठवलं. संप्रेरकांमुळे असं होतं, साधी सफाई चालते, मधली तिमाही त्यासाठी सर्वांत सोयीची. बाळंतपणानंतर सूज पूर्ण गेली.

हिरड्यांची तज्ज्ञ डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

नागपूरच्या काकांनी मोजणीचं छान लिहिलंय. मी रोज ऐकते त्याबद्दल सांगते: "सफाई केली की दात हलतात." हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाचा थर दातांना एकमेकांशी जोडून धरतो, भिंतीला टेकू लावावा तसा. तो काढला की दात खरोखर किती हलतो ते कळतं. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते, फटी दिसतात, आणि पेशंटला वाटतं डॉक्टरांनीच दात घासून टाकले. हे सफाईच्या आधी समजावून सांगणं आम्हा डॉक्टरांचं काम आहे, आणि ते घाईत राहून जाता कामा नये.

क्लोरहेक्सिडीनची, म्हणजे जंतुनाशक औषधाची, चूळ महिनोन्‌महिने आपल्या मनाने चालू ठेवू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बदलते. ती सफाईच्या जोडीला, ठरावीक दिवसांपुरती.

ठाणे

रक्तदाबासाठी अ‍ॅमलोडिपिन सुरू होतं, हिरडी वाढून दातांवर चढायला लागली. गोळी आपणहून बंद करू नका. माझ्या डॉक्टरांनी ती बदलून दिली, सफाई झाली आणि हिरडी बरीच उतरली.

बेळगाव

वडिलांना पार्किन्सन्स आहे, हाताची थरथर. ब्रश त्यांच्या हातात दिला की पुढचेच दात घासले जातात. आता ते खुर्चीत बसतात, मी मागे उभा राहून डाव्या हाताने हनुवटी धरतो आणि मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका लावून हळूहळू फिरवतो. रात्री, जेवणानंतर, गडबड नसताना. फटींसाठी छोटा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा ब्रश आणलाय. डॉक्टर, उजव्या खालच्या दाढेपाशी तो अडकतो. जोर लावून घालू का?

हिरड्यांची तज्ज्ञ डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

नाही दादा, जोर नको, हिरडीला जखम होईल. प्रत्येक फटीचा आकार वेगळा, एकाच तोंडात दोन-तीन मापांचे ब्रश लागतात. वडिलांना घेऊन जाल तेव्हा दंतवैद्याकडून त्या फटीचं माप ठरवून घ्या. तोवर तिथे बाहेरूनच मऊ ब्रश फिरवा.