कोरं पाणी

अमेरिकन चित्रकार चाइल्ड हॅसम याचं कॉस कॉबचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर घेतलेला छाप) छान आहे पण रिकामं वाटतं, असं कुणीतरी म्हटलंय. मला तर ते रिकामपणच फार आवडतं. कॉस कॉब हे अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. हॅसम तिथल्या हॉली हाऊसमध्ये वर्षानुवर्षं उतरायचा आणि १९१५ मध्ये तिथेच त्याने एचिंग मनापासून हाती घेतलं. तेव्हा तो पंचावन्नच्या घरात होता, रंगांचा चित्रकार म्हणून नावाजलेला!

त्याने रंग सोडले, पण उजेड सोडला नाही. एचिंगमध्ये पांढरा लावता येत नाही. धातूच्या पत्र्यावरचं, म्हणजे प्लेटवरचं, मेण सुईने खरवडलं, की आम्ल तिथला धातू खातं आणि त्या खाचेत शाई बसते. म्हणजे जो उजेड हवा, तो कागद कोरा ठेवूनच मिळवायचा. पाण्यातली प्रतिबिंबं पाहा: तुटक, आखूड रेघा आणि मधे नुसता कागद. तरी पाणी हलतं! शांत गाव दाखवायला इतका संयम लागतो, हे मला त्याच्याकडे पाहूनच उमगलं.

आणखी एक. जागेवर बसून प्लेटवर थेट काढलं, तर छापात डावं-उजवं उलटतं. त्यामुळे जुन्या फोटोंशी ताडून पाहणार असाल तर आधी चित्र आरशात धरा.