लग्नाचा बुफे सगळ्यांना चालेल असा हवा, की ज्याने त्याने आपलं बघावं?

रिकामी_बशी
भाचीचं लग्न चार महिन्यांवर आलंय आणि जेवणाचं खातं माझ्या गळ्यात पडलंय. माणसं २५०. निमंत्रणासोबत 'खाण्याचं काही पथ्य आहे का?' एवढंच विचारलं होतं. उत्तरं अशी आली: व्हीगन (दूध-तूपही न खाणारे) ९, शाकाहारी साठेक, ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, नको म्हणणारे ४ (एकीला सिलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होते, बाकी तिघांनी नुसतं 'टाळतो' लिहिलंय), शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एक मुलगा, फक्त हलाल खाणारं एक कुटुंब, कांदा-लसूण आणि कंदमुळं न खाणारे ६. मधुमेही मोजलेच नाहीत. एकाने 'मला काहीही चालतं, फक्त वांगं नको' असं कळवलंय. त्याला काय उत्तर द्यावं, अजून सुचलेलं नाही.

माझं मत असं, की पथ्यागणिक वेगळं काउंटर लावू नये. पायाच असा घ्यावा की तो बहुतेकांना चालेल. तेलात केलेल्या दोन-तीन भाज्या, एक कडधान्य, साधा भात, फळं. लोणी, चीज, क्रीम, सुकामेवा बाजूला वाट्यांत. ज्याला हवं त्याने घालून घ्यावं. मांसाहार वेगळ्या टेबलावर. असं केलं तर ९ व्हीगन माणसांसाठी निराळं काही शिजवावंच लागत नाही. घरात मात्र विरोध आहे. 'लग्नाचं जेवण आहे की दवाखान्याचं?' असं कालच ऐकून घेतलं.

चुलीपासून_दूर
तुमच्या घरच्यांशी सहमत. काही पदार्थ मुळातच लोण्यात परतायचे असतात. ते तेलात करून वरून लोणी घातलं की चव लागत नाही, नुसता तवंग येतो. सगळ्यांना चालेल असं करायला गेलात तर कुणालाच आठवणार नाही असं जेवण होईल. मी स्वतः शाकाहारी आहे. लग्नाला माणसांना भेटायला जातो. खायला दोन गोष्टी मिळाल्या तरी पुष्कळ. ज्याचं पथ्य कडक आहे त्याने घरून थोडं खाऊन निघावं, यजमानाला वेठीला धरू नये.

दोनशे_ताटं
केटरिंगमध्ये वीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण वेगळं. बुफेवर 'खास लोकांसाठी' ठेवलेला पदार्थ त्या खास लोकांना मिळतच नाही. एका लग्नात १२ व्हीगन पाहुण्यांसाठी भाजलेल्या भाज्या आणि छोल्यांचा छान पदार्थ केला होता, मोजून पंधरा जणांपुरता. दिसायला तो सगळ्यांत देखणा. पंधरा मिनिटांत भांडं खरवडलेलं. ज्यांच्यासाठी केला ते रांगेत मागे होते, त्यांनी काकडी आणि टोमॅटो खाल्ले. म्हणून माझा हिशोब सरळ आहे: पदार्थ बुफेवर ठेवायचा तर सगळ्यांना पुरेल इतका करा. नाहीतर तो बुफेवर आणूच नका, आत राखून ठेवा.

आणि पदार्थ कमी ठेवा. वीस प्रकार ठेवले की माणूस प्रत्येकातलं चमचाभर घेतो आणि निम्मं टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ मध्ये जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं २८ टक्के आमच्यासारख्या खाद्यसेवेतून. लग्न संपल्यावर मागे जे उरतं ते बघितलं की हा आकडा पटतो.

गव्हाशी_वैर
मला सिलिॲक आहे. वाचून वाटलं, तुम्ही सगळेच माझ्याबद्दल बोलताय आणि कुणालाच कल्पना नाही. 'ग्लुटेन-फ्री' पाटी लावलेलं भांडं बुफेवर माझ्या उपयोगाचं नसतं. शेजारी ब्रेडची टोपली असते. कुणीतरी तिकडचा चमचा इकडे घालतो, संपलं. कोडेक्स ह्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ग्लुटेन-फ्री म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ब्रेडचा चुरा पडला की ती कुठच्या कुठे जाते. त्यात नुसता गहू नाही, बार्ली आणि राय ही धान्यं पण येतात. सूप मैद्याने दाटवतात. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तळणीच्या तेलात आधी मैद्याचं काही तळलेलं असतं. हे कुठल्याच पाटीवर नसतं.

मला एकच हवं: इतर जेवण उघडायच्या आधी आतून वाढलेलं, झाकलेलं, नाव लिहिलेलं ताट. आणि रिकामी_बशी, त्या 'टाळतो' लिहिणाऱ्या तिघांना फोन करा. टाळणं आणि आजारी पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चुलीपासून_दूर
मग २५० जणांना नावाची ताटं करायची का? विमानात बसल्यासारखं वाटेल.

गव्हाशी_वैर
२५० कुठून आले? फार तर पाच-सहा. ज्यांची चूक जिवावर बेतू शकते किंवा आठवडाभर अंथरुणात पाडते, फक्त त्यांना. बाकीचे आवडीनिवडीवाले रांगेत उभे राहतील की. आणि तुमचं ते 'घरून खाऊन निघावं' मी लहानपणापासून करतेय. एकदा तरी लग्नात सगळ्यांबरोबर जेवावंसं वाटतं हो.

चुलीपासून_दूर
शेवटचं वाक्य लागलं. तेवढ्यापुरतं माझं मागे. लोण्याबद्दल नाही.

उगाच_एक
पाट्यांबद्दल बोलू. 'व्हीगन', 'हेल्दी' असले शिक्के नकोत. आत काय आहे ते लिहा. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. अमेरिकेत प्रमुख ॲलर्जीकारकांची यादी ९ ची आहे, नववे तीळ २०२३ पासून आले. ह्या याद्या समोर ठेवून आचाऱ्याला पदार्थागणिक विचारा. लपलेल्या गोष्टी तिथेच सापडतात: पांढऱ्या ग्रेव्हीत काजूची पेस्ट, थरथरत्या पुडिंगमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं जिलेटिन, सॉसमध्ये वाइन. खऱ्या पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये तर वासराचं रेनेट (दूध गोठवायला त्याच्या पोटातून काढलेलं) असतं, शाकाहारी माणूस बिनधास्त किसून घेतो.

शेंगदाणा वनस्पतिशास्त्राने कडधान्यांच्या कुळातला, सुकामेव्यातला नव्हे. म्हणजे 'नट-फ्री' ह्या शब्दावर विसंबू नका. त्या मुलाला काजू-बदाम चालतात का, हे त्याच्या आईलाच विचारा.

दोनशे_ताटं
पाट्या ठीक, पण वाचतं कोण? भुकेला माणूस भांड्याचं झाकण उघडतो, पाटी नाही वाचत. काउंटरमागे माहीतगार माणूस उभा करा. 'विचारून सांगतो' म्हणणारा चालेल. 'नाही नाही, काही नाही त्यात' असं ठोकून देणारा नको.

नवखी
हलालवाल्या कुटुंबासाठी सगळंच मांस हलाल आणलं तर प्रश्न मिटला ना?

उगाच_एक
मिटेलच असं नाही. अनेक शीख हलाल मांस टाळतात. तुमच्या यादीत कोण आहे ते बघून ठरवा. शिवाय हलालवाल्यांसाठी मांसाइतकाच सॉसमधल्या वाइनचा प्रश्न असतो.

साखर_मोजतो
मधुमेही मोजले नाहीत म्हणालात, म्हणून आलो. आमच्यासाठी शुगर-फ्री मिठाईचं काउंटर कृपा करून लावू नका. त्यात साखर नसली तरी पीठ आणि तूप असतंच. शिवाय माल्टिटॉलसारख्या गोडव्यांनी पोट बिघडतं ते निराळंच. मी साधं गोड छोट्या तुकड्यात खाईन, माझं मी बघेन.

मला हवी असते वेळ. पत्रिकेत जेवण एक वाजता, भाषणं आणि फोटो होता होता अडीच. इन्सुलिन घेणाऱ्याची आणि काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी धाडकन उतरते. एका लग्नात मी घामाघूम होऊन खुर्चीत बसलो होतो आणि लोक म्हणाले, भावुक झालाय. उशीर होणार असेल तर आधीच एका कोपऱ्यात फळं, भाजलेले चणे असं काही ठेवा. मेनूपेक्षा मोठं पथ्य ते आहे.

दोनशे_ताटं
साखर_मोजतो, शंभर टक्के. आणि उशिराचं दुसरं दुखणं आमच्याकडे असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम हवं. फोटोवाला 'अजून एकच' म्हणत राहतो आणि इकडे भाताचा गोळा होतो.

रिकामी_बशी
सगळ्यांचे आभार. आज तिघांना फोन केले. दोघं वजनासाठी टाळतात, एकीची तपासणी चालू आहे. म्हणजे आतून वाढायची ताटं तीन: सिलिॲकवाली, ही तपासणीवाली आणि शेंगदाण्याचा मुलगा. शेंगदाणा आणि त्याचं तेल तर पूर्ण मेनूतूनच काढलं, कुणाला कळणारही नाही. एक भाजी आणि कडधान्य कांदा-लसूण-कंदाशिवाय, पण २५० जणांना पुरेल एवढं. दीड वाजता जेवण उघडणार, भाषणं नंतर. ह्यावर वराकडच्या काकांचा फुगा फुगलाय, तो मी बघून घेईन.

आणि चुलीपासून_दूर, लोण्यात परतलेला, क्रीम घातलेला एक पदार्थ ठेवतेय. पुरेपूर, काटकसर न करता. घरचेही त्यावर गप्प झाले.

चुलीपासून_दूर
पहिल्या टेबलावर असेल तर माझा विरोध मागे.

रिकामी_बशी
शेवटच्या टेबलावर, वेगळ्या चमच्यासकट. तिथपर्यंत चालत या. वाटेत वांगं लागेल, त्या गृहस्थांना आधीच कळवलंय.