काळ्या मातीवरचा कोबा: जाडी वाढवावी की माती बदलावी?

ओळंबा

काल येथे एक सल्ला वाचला: "अंगणात काळी माती असेल तर खोदकामावर पैसे घालवू नका, ४ इंचांऐवजी ६ इंच काँक्रीट ओता, दुहेरी जाळी टाका, कोबा जन्मभर हलणार नाही." अनेकांनी त्याला माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती अंगणाखाली सर्वत्र सारखी फुगत नाही, याचा विसर पडतो. कोब्याच्या मध्याखाली ओल कोंडून राहते, तर कडेची माती पावसात भिजते आणि उन्हात भेगाळते. त्यामुळे कडा दरवर्षी उचलल्या जातात आणि पुन्हा बसतात, आणि या ओढाताणीत काँक्रीट तडकते. १५० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ३६० किलो भरते. फुगणाऱ्या मातीचा दाब त्याच्या कितीतरी पट असू शकतो, तेव्हा दोन इंच वाढवून तिला दाबून ठेवण्याची आशा व्यर्थ आहे. निदान दीड-दोन फूट काळी माती काढावी, तेथे चांगला मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर ओलसर करून धुमसाने ठोकत भरावा. मग वर १०० मिलिमीटरचा कोबा पुरतो. खड्डा वाळूने मात्र भरू नये, कारण वाळूत साचलेले पाणी खालच्या काळ्या मातीला सावकाश पाजत राहते.

सहा_इंची

तो सल्ला माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे. माझ्या घरामागचा कोबा ६ इंचांचा आहे, खालची माती निव्वळ काळी आहे, आणि कित्येक पावसाळे उलटूनही त्याला केसभर तडा गेलेला नाही. शेजारच्या अंगणात मुरूम भरला होता, तेथे कडेचा तुकडा बोटभर खचला आहे. मला कागदावरच्या दाबांपेक्षा डोळ्यांसमोरचे काँक्रीट अधिक पटते. शिवाय जोत्याला लागून दोन फूट खणायला सांगताना, जुन्या घरांचा पाया किती उथळ असतो याचा विचार आपण केला आहे काय?

कच_खडी

मातीवर आणि जाडीवर भांडण्याआधी मिक्सरपाशी उभे राहून पाहा. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरते, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी लागते. प्रत्यक्षात माल सरसर पसरावा म्हणून गवंडी बादलीमागून बादली ओततात. जादा पाणी नंतर उडून जाते, मागे पोकळ्या राहतात, काँक्रीट आक्रसते आणि खापर मातीवर फुटते. आमच्या अंगणात नेमके हेच झाले. पहिल्याच उन्हाळ्यात वरचा थर सुटू लागला, आणि अजूनही झाडू मारला की करडी धूळ निघते. गवंड्यांना हे समजावणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी आहे.

थापी_रंधा

हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. आमच्या घरात पिढीजात गवंडीकाम आहे, आणि प्रत्येक तड्याचा दोष आमच्या माथी मारला जातो, तो ऐकून कान किटले आहेत.

जादा पाण्याने धूळ सुटते हे खरे, पण ते एकच कारण नव्हे. माल ओतल्यावर थोड्या वेळाने वर पाण्याचा तवंग येतो. तो विरून पृष्ठभागाची चकाकी जाईपर्यंत आणि पाऊल ठेवल्यास अगदी उथळ ठसा उमटेल इतका माल आवळेपर्यंत घोटाईला हात लावायचा नसतो. मालक मात्र डोक्याशी उभा राहून अंधाराच्या आत उरका म्हणतो; मग तवंगावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले जाते, वर नुसता पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढे उडतो. भर दुपारी, वारा सुटलेला असताना काम काढण्याचा हट्टही बहुधा मालकाचाच असतो. पुढे किमान ७ दिवस, आणि कोरड्या कडक उन्हात निदान १० दिवस, कोबा सतत ओला राहिला पाहिजे. आम्ही आळी बांधून पाणी भरून देतो, आणि दोन दिवसांनी येऊन पाहावे तर आळी फोडून मोटारसायकल उभी केलेली असते. आपण किती दिवस पाणी दिले होते, तेवढे येथे सांगावे.

कच_खडी

आठवडा पूर्ण झाला नव्हता, एवढे मान्य करतो. त्यापुढे एक शब्दही मान्य करणार नाही. आमच्याकडे जाळी जमिनीवर अंथरून त्यावर माल ओतला गेला, आणि "ओतता ओतता आकड्याने वर ओढू" असे सांगण्यात आले. पुढे तडकलेला तुकडा उचकटला, तेव्हा जाळी तळाला मातीला टेकून गंजलेली दिसली. जाळी उचलून धरणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, खाली ठेवणे हेही मालकाचे काम आहे काय?

थापी_रंधा

नाही, ते आमचेच काम आहे, आणि ज्याने टाळले त्याची मी बाजू घेणार नाही. अंगणाच्या कोब्यात एकेरी जाळी वरच्या तिसऱ्या भागात हवी. ती तडा थोपवत नाही. पडलेला तडा रुंदावू देत नाही. म्हणून सळई वाढवली की तडा जाणार नाही, ही समजूतही सोडून द्यावी.

पागोळी

या वादात मूळ प्रश्न मागे पडला, आणि पाणी जाते कोठे हे तर कोणीच विचारले नाही. आमच्या मागच्या अंगणात मुरूमही होता, जाळीही होती आणि पाणीही भरपूर दिले होते, तरी एक कोपरा खचला, कारण छताचा पन्हळ नेमका त्याच कोपऱ्यात ओतत होता. कोब्याला घरापासून दूर, मीटरला १० ते २० मिलिमीटर उतार हवा, आणि छताचे पाणी नळीने कडेपासून लांब सोडायला हवे. सहा_इंची यांच्या शेजाऱ्यांची कड कशामुळे खचली, हे त्यांनी एकदा पावसात उभे राहून पाहावे.

ओळंबा

पागोळी यांचे म्हणणे पूर्णपणे पटले. जोत्याचा मुद्दाही रास्त आहे: पायाच्या तळाखाली कधीही खणू नये, आणि भिंतीलगत थोड्या थोड्या लांबीत खणून लगेच भरत जावे. मात्र सहा इंची कोबा तडकला नाही यावरून जाडीने तो वाचला असे सिद्ध होत नाही. त्यात सांधे, म्हणजे तडा ठरलेल्या रेषेत जावा म्हणून दिलेले काप, किती अंतरावर आहेत, हे आपण सांगितलेले नाही. १०० मिलिमीटर जाडीला सुमारे अडीच ते तीन मीटरांवर, जाडीच्या चौथ्या भागाइतका खोल काप द्यावा लागतो, तोही साधारणपणे दुसऱ्या दिवसाच्या आत, कारण त्यानंतर काँक्रीट आपली जागा स्वतः निवडून तडकते. भिंतीलगत फळी घालून कोबा सुटा ठेवावा, म्हणजे तो हलला तरी भिंतीला ओढत नाही. जेथे पाणी गोठते अशा प्रदेशात मिश्रणात सूक्ष्म हवा राखणारे रसायनही लागते. त्याला जाडी हा पर्याय नाही.

सहा_इंची

माझ्या कोब्याला दर आठ फुटांवर काप आहेत, आणि छताचे पाणी पलीकडच्या चरात जाते. त्यामुळे आपला मुद्दा सिद्ध होतो असे वाटत असेल तर वाटू द्यावे. पुढच्या बाजूचे अंगण करायचे आहे. तेथे माती काढून मुरूम भरीन, पण जाडी ६ इंचांवरून खाली आणणार नाही.