हार्डवुड आयात: भारत-चीन तुलनेचा तो आलेख दिशाभूल करणारा आहे

करवतकाठी: काल इथे एकाने आलेख टाकला. कापीव हार्डवुडची (साग वगैरे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाची) आयात, वीस वर्षांची. चीनची रेघ आभाळाला, आपली तळाशी. खाली निष्कर्ष: 'परदेशी जंगलांवर भारताचा भार नाहीच.' वाचून डोकंच उठलं. अहो, हा फक्त सीमाशुल्काचा कोड 4407 आहे, चिरलेला माल! आपण वर्षानुवर्षं आणतो ते ओंडके, म्हणजे 4403. जहाज कांडल्याला लागतं, चिरकाम गांधीधामच्या आरागिरण्यांत होतं. म्यानमारच्या सागाच्या ओंडक्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारतच होता. एप्रिल 2014 पासून त्यांनी ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा आपले आयातदार घाना, इक्वेडोरच्या लागवडीच्या सागामागे धावले. यातलं काहीच त्या रेघेत नाही.

आकडेवेडा: ओंडके धरा, हरकत नाही. चीन तरीही पुढेच. 1998 ला यांगत्सेचा पूर आला, नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर बंदी आली, लगोलग ओंडक्यांवरचं आयातशुल्क शून्य झालं. त्यानंतर रेघ वर्षानुवर्षं चढत गेली. तुम्ही चिडलात म्हणून क्रम बदलत नाही.

करवतकाठी: क्रमाचं कोण बोलतंय? अंतराचं बोलतोय. चीनमध्ये उतरलेल्या लाकडातलं बरंचसं फर्निचर होऊन पुन्हा बाहेर जातं, आपलं इथल्याच दारा-चौकटींत बसतं. शिवाय मापाचं काय? आपल्याकडे ओंडका अजून हॉपस या जुन्या मापाने मोजतात: घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. खऱ्या घनफळापेक्षा 21 टक्के कमी भरतो. तो आकडा घनमीटरशेजारी तसाच ठेवला की झाली तुलना?

बांधावरचा साग: आयात करावीच का लागते, ते बोला की कुणीतरी! 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन निकालानंतर जंगलातली तोड आवळली, ते ठीक. पण शेतातला साग? वडिलांनी बांधावर लावलेली झाडं विकायला काढली. अर्ज, सातबारा, मोजणी, पंचनामा, मग वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का, मग वाहतूक परवाना. तोडलेला माल अख्खा पावसाळा बांधावर पडून. टोकं तडकली, गिऱ्हाईक गेलं, लेकीची फी उसनवारीवर भरली. बाहेरचा ओंडका मात्र पाच टक्के शुल्क भरून बंदरातून सुटतो.

आकडेवेडा: परवाना काढून टाका, उद्या जंगलातला साग 'शेतातला' म्हणून रस्त्याला लागेल. शिक्का त्यासाठीच असतो.

बांधावरचा साग: म्हणजे आम्ही चोर? चोराला परवाना लागतच नाही, तो रात्री नेतो. रांगेत उभा राहतो तो सातबारावाला. 2017 ला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, तेव्हा जंगलं बुडाली का?

आकडेवेडा: चोर म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. बांबू आणि सागाची किंमत एक आहे का? बाकी पावसाळाभर माल अडवून ठेवणं चूकच, तेवढं देतो तुम्हाला.

करवतकाठी: परवान्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथेही येतो. इथे माझी मागणी एकच: 4403 आणि 4407 दोन्ही, घनमीटरमध्ये, फर्निचरची निर्यात वजा करून. रुपया-डॉलरचा आलेख तर नकोच, त्यात लाकूड तेवढंच राहून भाव वाढला तरी रेघ चढते.

आकडेवेडा: फर्निचरमधलं हार्डवुड वेगळं काढणार कसं? प्लायवूड, लाकडी तंतू दाबून केलेलं एमडीएफ सगळं एकत्र असतं. पद्धत सांगा, मग बोलू. ओंडके जोडून आलेख पुन्हा काढतो, पण चीन वरच दिसणार हे आत्ताच लिहून ठेवा.