लघुग्रह, शिडी आणि दहावीचा मराठीचा पेपर

(आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीचा ग्रुप)

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

सी-६०४ रोहन: *फॉरवर्डेड* 🚨 मुंबईवर लघुग्रह आदळणार! नासाचा इशारा! २२ डिसेंबर २०३२! शक्यता वाढून ३.१ टक्के! सर्व ग्रुपवर पाठवा! 🚨

बी-७०२ काका: येऊ दे. आमच्या छताची गळती बघायला निदान वरून कुणीतरी येतंय. कमिटी तर जिना चढायला तयार नाही.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना शिवजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा 🚩 १० वाजता गेटजवळ प्रतिमापूजन. लघुग्रह २०३२ ला आहे. मेंटेनन्स याच महिन्यात आहे. कृपया नोंद घ्यावी.

सी-६०४ रोहन: माझं होम लोन २०४४ पर्यंत आहे. शेवटची बारा वर्षं माफ होतील का? 😂

ए-२०३ काका: रोहन, लोनबरोबर टर्म प्लॅन घेतलास का? नसेल तर संध्याकाळी मी घरीच आहे.

सी-६०४ रोहन: काका, आकाशातून दगड पडला तर क्लेम मिळतो?

ए-२०३ काका: मिळायला काहीच हरकत नाही. फक्त नॉमिनीला दुसऱ्या गावी ठेव.

बी-७०२ काका: रिडेव्हलपमेंटचं काय? बिल्डर म्हणतोय २०३० ला पझेशन. म्हणजे २०३३. वाचलो आपण.

ए-१०२ आजी (नातवाने टाइप केलेलं): आजी विचारतेय, किती वाजता आहे ते?

ए-४०३ ताई: आजी, आलाच तर आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातच्या आसपास.

ए-१०२ आजी: आजी म्हणतेय, ऐन मालिकेच्या वेळेला. आणि वार कुठला?

ए-४०३ ताई: बुधवार.

ए-१०२ आजी: आजी म्हणतेय, बुधवारी मासळी असते. रविवारी ठेवा म्हणावं.

बी-३०५ दादा: तुम्ही मुंबईवाले एका दगडाला एवढं घाबरता! आमच्या बुलढाण्यात येऊन पडला, खड्डा करून गेला, त्याचं सरोवर झालं, काठावर गाव वसलं. लोणारला या एकदा. दैत्यसूदनाचं देऊळ बघा, गोमुखाची धार बघा, मग बोला.

सी-६०४ रोहन: दादा, तुम्हाला अनुभव आहे म्हणजे. आपत्कालीन समितीवर तुम्हीच.

बी-३०५ दादा: समितीचं नंतर बघू. तोरण बांधायचंय, शिडी कुठाय?

सेक्रेटरी: सोसायटीची ॲल्युमिनियमची शिडी मीटर रूममध्ये नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी लगेच आणून द्यावी. प्रतिमापूजन खोळंबलं आहे.

(दुपारी)

सी-१०१ वहिनी: माफ करा, चेष्टेत व्यत्यय आणतेय. आमचा दहावीतला काल रात्रभर झोपला नाही. टीव्हीवर उलटी मोजणी लावून मुंबई पेटलेली दाखवत होते. परवा त्याचा मराठीचा पेपर आहे. मला म्हणाला, "आई, तेव्हा मी तेवीस वर्षांचा असेन." एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याला काय सांगू मी?

सी-६०४ रोहन: वहिनी, सॉरी. मीच टाकलं सकाळी. डिलीट करतो.

ए-४०३ ताई: रोहन, डिलीट नको करूस. निम्म्या मुलांनी ते पाहिलंय. आता पूर्ण गोष्ट कळलेली बरी. वहिनी, हे त्याला वाचायला द्या. मी त्याच्यासाठीच लिहितेय.

बाळा, बातमी खोटी नाही. २०२४ वायआर४ नावाचा दगड खरंच आहे. २७ डिसेंबरला चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीला तो दिसला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीजवळून, चंद्राच्या दुपटीहून थोड्या जास्त अंतरावरून निघून गेला होता. म्हणजे आपल्याला दिसला तो पाठमोरा. रोज लांब जातोय, रोज फिकट होतोय. आकार ४० ते ९० मीटर असावा असा अंदाज. एखाद्या शहराचं मोठं नुकसान करू शकेल, पण पृथ्वी संपवणारा नाही. आणि धोक्याची जी पट्टी काढलीय ती पॅसिफिकच्या पूर्वेपासून दक्षिण अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र अशी दक्षिण आशियापर्यंत येते. मुंबई त्या लांबलचक पट्टीवरचं एक गाव. टीव्हीवाल्यांनी पट्टी पुसली आणि गाव ठेवलं. मला राग येतो तो याचा.

ए-२०३ काका: पण ताई, जानेवारीअखेर १ टक्का होता. आज ३.१. आमच्या धंद्यात असा आकडा चढला की पॉलिसी देत नाहीत.

ए-४०३ ताई: काका, तेच समजावते. सकाळपासून शिडी सापडत नाहीये ना? आपले फ्लॅट ८०. शिडी त्यांपैकी कुठल्यातरी एकात आहे एवढंच माहीत असेल, तर ती वहिनींकडे असण्याची शक्यता ८० त १. सव्वा टक्का. आता वॉचमन एकेक घर तपासत निघाला. ४८ घरं झाली, कुठेच नाही. राहिली ३२. वहिनींकडे असण्याची शक्यता आता ३२ त १, म्हणजे ३.१ टक्के. वहिनींनी काहीही केलेलं नाही. शिडी जिथे होती तिथेच आहे. फक्त आपली शोधायची जागा कमी झाली.

दगडाचं अगदी हेच चाललंय. २०३२ मध्ये तो कुठे असेल याची एक लांब रेघ आहे. रोज नवं निरीक्षण येतं तशी ती आखूड होते. पृथ्वी अजून त्या रेघेवर आहे, म्हणून तिचा वाटा वाढतो. मग एक दिवस रेघ एवढी आखूड होते की पृथ्वी तिच्या बाहेर पडते आणि आकडा धपकन खाली येतो. आजवर मोठ्या नावाजलेल्या दगडांचं असंच झालंय. याचंही तसंच होईल असं मला वाटतं. हमी देत नाही, पण वाटतं.

सी-१०१ वहिनी: शिडी आमच्याकडे खरंच नाही हो 🙏

सेक्रेटरी: वहिनी, तुमच्यावर संशय नाही. उदाहरण आहे.

बी-७०२ काका: शिडी माझ्याकडे आहे. गळती बघायला मीच चढलो होतो. कमिटी येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार?

सी-६०४ रोहन: शक्यता १०० टक्के! बाकी ७९ घरं निर्दोष 😂😂

बी-३०५ दादा: काका, शिडी पाठवा लवकर, तोरण संध्याकाळपर्यंत तरी लागू दे.

(रात्री)

सी-१०१ वहिनी: मी त्याचाच मेसेज टाकतेय. "ताई, पण नाही पडला बाहेर तर? मग काय करतात?"

ए-४०३ ताई: फार चांगला प्रश्न. त्याचंही उत्तर आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नासाने डार्ट नावाचं यान डायमॉर्फस नावाच्या दगडावर मुद्दाम आदळवलं. तो दगड १६० मीटरचा, यापेक्षा मोठा. त्याच्यापासून आपल्याला काहीच धोका नव्हता, फक्त जमतं का ते बघायचं होतं. तो एका मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. धडकेनंतर ती फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. माणसाने आकाशातली एक वस्तू आपल्या हाताने हलवली. मी तो व्हिडिओ वर्गात दाखवते. दगड जवळ येतो, त्यावरचे गोटे दिसायला लागतात, आणि चित्र अर्ध्यात तुटतं. वर्ग दर वेळी टाळ्या वाजवतो.

सी-१०१ वहिनी: "हा २०२८ ला परत दिसेल असं वाचलं. मग चार वर्षं पुरतील का?"

ए-४०३ ताई: घाई होईल. म्हणूनच २०२८ ची वाट बघत कुणी बसलेलं नाही. येत्या मार्चमध्ये जेम्स वेब दुर्बीण त्याच्याकडे वळवणार आहेत. आणि अगदी पडलाच, तरी कुठे आणि कधी ते आधी कळेल. रशियात चेल्याबिन्स्कला २०१३ मध्ये २० मीटरचा दगड हवेत फुटला, तेव्हा कुणालाच आधी माहीत नव्हतं. आकाशात लख्ख उजेड झाला, लोक बघायला खिडक्यांशी गेले, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी धक्का पोचला. दीडेक हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. नुसतं "खिडकीपासून लांब राहा" एवढं आधी सांगितलं असतं तरी कितीजण वाचले असते. आकडे जाहीर करतात ते घाबरवायला नाही, यासाठी. आता झोप. सकाळी व्याकरण बघ.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सी-६०४ रोहन: ताई!!! दीड टक्का झाला! रात्रीत निम्मा!

ए-२०३ काका: शेअर बाजारासारखं पडलंय.

ए-४०३ ताई: वहिनी, त्याला उठवून सांगा.

सी-१०१ वहिनी: त्याने मलाच उठवून सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सेक्रेटरी: दहावीच्या सर्व मुलांना शुभेच्छा. ९:३० ते १०:३० गेटसमोर कुणीही गाडी लावू नये. रिक्षा आत येतील.

ए-१०२ आजी: आजीने सगळ्या मुलांसाठी दही-साखर काढून ठेवलीय. जाताना दारातून घेऊन जा.

सी-६०४ रोहन: ०.२८ टक्के! वहिनी, रिक्षात बसायच्या आधी सांगा त्याला.

सी-१०१ वहिनी: सांगितलं. म्हणाला, "आई, आत्ता वाक्प्रचार चाललेत, नंतर."

ए-४०३ ताई: आज याहून चांगली बातमी नाही ❤️

(दुपारी)

सी-१०१ वहिनी: पेपर सोपा गेला. भूक लागली म्हणून तीन पोळ्या खाल्ल्या. सगळ्यांचे आभार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ए-४०३ ताई: नासाने काल जाहीर केलं. पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ०.००४ टक्के. म्हणजे २५ हजारांत १. प्रकरण मिटलं.

सी-६०४ रोहन: म्हणजे लोन फेडावं लागणार.

ए-२०३ काका: आणि टर्म प्लॅनही घ्यावा लागणार.

बी-३०५ दादा: टीव्हीवर काही दाखवत नाहीत याचं. मुंबई पेटवायला दोन दिवस दिले, विझवायला पाच मिनिटं नाहीत?

ए-४०३ ताई: दादा, अगदी खरं बोललात. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. ज्याने भीतीचा मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकला असेल, त्याने हा ०.००४ चा मेसेजही तिथे तिथे टाकावा. शाळेचा ग्रुप, भिशीचा, गावाकडचा, सगळीकडे. तिथेही कुणाचं तरी पोर जागं असेल.

सी-६०४ रोहन: मी सहा ग्रुपवर टाकला होता. सहाही ठिकाणी टाकला. आमच्या मामाने विचारलं, "कुठला लघुग्रह?"

सी-१०१ वहिनी: त्याचा प्रश्न: "चंद्रावर पडणार का?"

ए-४०३ ताई: चंद्राची शक्यता सध्या १.७ टक्के धरलीय. पडलाच तर तिथे एक नवा खड्डा होईल, आपल्याला काही नाही. लोणारच्या अभ्यासकांना मात्र फार आनंद होईल. लोणारचा खड्डा काळ्या बसाल्ट खडकात झालाय. चंद्रावरच्या काळ्या मैदानांचा खडकही बसाल्टच. म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे लोक बुलढाण्यात येतात.

बी-३०५ दादा: वाचलं ना सगळ्यांनी? मे महिन्यात बस काढू. माझ्याकडे मुक्काम.

ए-४०३ ताई: आणि त्याला सांगा, १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस येतोय. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा. २००४ मध्ये त्याचाही आकडा असाच २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता आणि नंतर उतरला. आदळणार नाही, पण पृथ्वीपासून जेमतेम ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपल्या घरातली डिश ज्या उपग्रहांकडे तोंड करून असते, ते ३६ हजारांवर आहेत. त्यांच्याही आतून! एवढा मोठा दगड एवढ्या जवळून जाणार आणि आपण तो आधीपासून माहीत असताना बघणार. मला आत्तापासून उत्सुकता आहे.

सी-१०१ वहिनी: तो म्हणतोय तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. आज हसत म्हणाला.

ए-४०३ ताई: वहिनी 🙏 बरं, शुक्रवारी २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. "सात ग्रह एका रांगेत" असे मेसेज यायला लागलेत. त्याने भूकंप वगैरे काही होत नाही. संध्याकाळी गच्चीवर येणार असाल तर मी दाखवते. पश्चिमेला शुक्र लख्ख दिसेल, डोक्यावर गुरू, पूर्वेकडे वर मंगळ. हे तीन नुसत्या डोळ्यांनी. बुध आणि शनी क्षितिजाला चिकटलेत, इमारतींमुळे अवघड आहे. युरेनस, नेपच्यूनला दुर्बीण लागते, ती माझ्याकडे नाही. तीनच दिसतील, पण खरे दिसतील.

बी-७०२ काका: गच्चीवर या, पण डाव्या कोपऱ्यात पाय ठेवू नका. तिथूनच गळतं. येताय तसं सेक्रेटरींनाही घेऊन या.

सेक्रेटरी: शुक्रवारी ७ ते ८:३० गच्ची उघडी राहील. चावी वॉचमनकडे. लहान मुलांसोबत पालक असणं बंधनकारक. चटया आपापल्या आणाव्यात. गच्चीवरचे दिवे तेवढा वेळ बंद ठेवू. मी येतोय. डावा कोपराही बघतो.