उन्हाळ्यात लिस्बन: आधी भाषेचा वर्ग की थेट दफ्तरखाना?

रुमालवाचक (प्रश्न)

मी पुण्यात इतिहासात पीएच.डी. करतोय, दुसरं वर्ष. विषय 1739 नंतरचं उत्तर फिरंगाण, म्हणजे वसईकडचा पोर्तुगीजांचा जुना मुलूख. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या पोर्तुगीज जमीनदारांच्या गावांचं पुढे काय झालं, हे शोधायचंय. मोडी येते, पेशवे दफ्तरातले वसईचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बरेचसे पाहून झालेत. दुसरी बाजू पोर्तुगीजमध्ये आहे आणि ती मला येत नाही. जून ते ऑगस्ट लिस्बनला राहण्यापुरते पैसे जमतील असं दिसतंय. गाईड म्हणतात, सगळा वेळ भाषेच्या वर्गाला दे. मित्र म्हणतात, फोटो काढून आण, वाचणं नंतर होईल. असे पैसे पुन्हा कधी मिळतील सांगता येत नाही. कुणी असं करून आलं आहे का?

सोपाऱ्याची_लेक

मी पीएच.डी. करताना उन्हाळ्यात जाऊन आले. माझा काळ तुझ्या आधीचा, सतरावं शतक. पण प्रश्न हाच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की कर: तुझे कागद आहेत कुठे? गोव्याचं सगळं लिस्बनला असतं असा पुष्कळांचा समज असतो. गोवा आणि लिस्बन यांच्यातला पत्रव्यवहार ज्यात बांधलाय, त्या 'मोंसोंइश' मालिकेतले 62 खंड अठराव्या शतकात तिकडे गेले. ते आज 'तोर्रे दो तोंबो'त, म्हणजे लिस्बनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत, पण मुख्यतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाचे. तुझ्या काळाचे खंड पणजीतच आहेत. त्यामुळे विमानाआधी मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढ.

लिस्बनमधली तुझी खरी जागा म्हणजे 'आर्किव्हो हिस्तोरिको उल्त्रामारिनो', सागरपार वसाहतींचा दफ्तरखाना. बोआ-ओराच्या चढावर एका जुन्या वाड्यात आहे. तिथे 'इंडिया'च्या पेट्यांमध्ये सुटे कागद असतात: व्हाइसरॉयची पत्रं, अर्ज, हिशेब. अशा अर्जांवरचा निर्णय पुष्कळदा समासात किंवा पाठीमागे दोन ओळींत खरडलेला असतो, आणि सोबतची यादी वेगळ्या घडीत असते. वाचता येत नसेल तर फोटो काढताना नेमकं हेच निसटतं, आणि निसटलंय हे पुण्यात बसून कळतही नाही. म्हणून नुसते फोटो आणायचा सल्ला मला अजिबात पटत नाही.

आता वर्ग. लिस्बन विद्यापीठाच्या कला शाखेत आणि कोइंब्राला परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग असतात. लिस्बनचा घे, कारण ती शाखा आणि तोर्रे दो तोंबो एकाच विद्यापीठ परिसरात, चालत काही मिनिटांवर आहेत. मात्र पहिल्या पातळीला बसायला इतक्या लांब जाऊ नकोस. 'माझं नाव अमुक, मी तमुक गावचा' हे इथेच शिकून जा. मोबाइलवरच्या लोकप्रिय ॲपमधली पोर्तुगीज ब्राझीलच्या वळणाची असते. लिस्बनची माणसं स्वर गिळतात, 'तेलेफोन'चं 'त्लफोन' होतं. कान तयार व्हायला तिथला वर्गच लागतो.

बोलता येण्याचा फायदा दफ्तरखान्यातही होतो. संदर्भ कक्षातल्या बाईंना मी अडखळत का होईना, पोर्तुगीजमध्ये माझा विषय सांगितला. त्या आत गेल्या आणि टंकलिखित सूचीची एक फाइल घेऊन आल्या. ऑनलाइन यादीत जे मी शोधत होते ते त्यात गावांच्या नावांनिशी होतं. पुढचं माझं सगळं काम त्या फाइलीवर उभं राहिलं.

अक्षराची धास्ती घेऊ नकोस. विराम नाहीत, वाक्य पानभर लांबतं, शब्द एकमेकांना चिकटलेले. मोडी वाचणाऱ्याला हे नवीन नाही. संक्षेप तेवढे पाठ करावे लागतात: 'के' हा शब्द नुसत्या क्यू अक्षरावर एक रेघ मारून लिहितात, आणि तो ओळीत तीन-तीनदा येतो. सरावासाठी गोव्याचे इतिहासकार पिसुर्लेकर यांनी संपादित केलेले गोव्याच्या राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड घे (1953 ते 1957). ते 1618 ते 1750 पर्यंतचे आहेत, म्हणजे वसईच्या वेढ्याच्या काळातली भाषा छापील अक्षरात मिळेल. ती सवयीची झाली की तोर्रे दो तोंबोच्या 'दिजितार्क' संकेतस्थळावरची हस्तलिखितं घरूनच वाचायला लाग.

कोकणपट्टी_क्यूबिकल

हस्तलिखित वाचणारी सॉफ्टवेअर आहेत आता, ट्रान्स्क्रिबस वगैरे. पोर्तुगीजसाठीही मॉडेल्स आहेत. इतका खटाटोप लागेल का?

सोपाऱ्याची_लेक

शोधायला जरूर वापरावं, मीही वापरते. पण वसई प्रांतातली गावं त्याला कुठून माहीत असणार? आगाशीचं 'अगासाइं', अशेरीचं 'असेरीं', केळवे-माहीमचं कधी नुसतं 'माइं'. एकच कारकून एकाच पानावर नाव दोन तऱ्हांनी लिहितो. ते ओळखायला मोडी रुमाल पाहिलेला माणूसच हवा. रुमालवाचक, ही तुझी मोठी जमेची बाजू आहे. लिस्बनमधल्या कितीतरी अभ्यासकांकडे ती नाही.

मांडवीकाठ

पणजीत कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, तिथे चौकशी करा. आणि इथला दफ्तरखाना 1595 पासूनचा, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतुने सुरू केलेला. दोन्ही कामं एकाच मुक्कामात होतील. पावसाळ्याआधी या, दमट हवेत जुने कागद हाताळणं जिकिरीचं होतं.

बॅग_भरून_तयार

व्हिसाचं सांगतो. शेंगेन अल्पमुदतीचा म्हणजे 180 दिवसांत 90 दिवस. जून, जुलै, ऑगस्ट पूर्ण धरले तर 92 होतात, तेव्हा तारखा मोजून घ्या. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळत नाही, लवकर हालचाल करा.

रुमालवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मग महिने कसे वाटू? आणि शाकाहारी आहे, निभेल का?

सोपाऱ्याची_लेक

जूनमध्ये रोज दफ्तरखाना, 10 आणि 13 तारखेला सुट्टी धरून. जुलैत सकाळी वर्ग, दुपारी पेट्या. ऑगस्टमध्ये निम्मं लिस्बन रजेवर असतं. तेव्हाच्या वेळा आणि फोटोचे नियम आधी ईमेलने विचारून घे. जेवणाची काळजी नको. मार्तीं मोनीशच्या आसपास डाळ, तांदूळ, कणीक सगळं मिळतं. फक्त स्वयंपाकघर वापरता येईल अशी खोली बघ, आणि आत्तापासूनच बघ, उन्हाळ्यात भाडी फार चढतात.

तोवर रुमालांतल्या गावांची यादी कर, शेजारी पोर्तुगीज रूपं लिहायला रकाना ठेव. झाली की इथे टाक, सोपारा-आगाशीकडची नावं मी तपासून देते.